गळ्यातला दोरा

मी लातूरकडची आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास भूकंपाचं विचारतो. मीही जमेल तेवढं सांगते. विचारणाऱ्याचा हिरमोड कशाला करा. पण माझ्या आयुष्यात जमिनीच्या आधी वाऱ्याचा नंबर लागतो. तो वारा आमच्या लिंबाळवाडीवर एका दुपारी आला, अर्धं गाव पालथं घालून गेला, आणि ओढ्यापलीकडच्या गावात मात्र झाडाचं पानसुद्धा हललं नाही. पुढं कितीतरी दिवस त्या गावची माणसं आमच्याकडं, हे लोक थापा मारतात की काय, अशा नजरेनं बघायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. ज्याचं उडतं त्याचंही तेच. त्या वाऱ्याची बातमी कुठं छापून आली असेल असं मला वाटत नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहून ठेवावी.

तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, आप्पा आणि मी. पुढं किराणा दुकान, मागं एक लांबट खोली, तिच्यामागं चूल आणि न्हाणी. खोलीवर मातीचं माळवद होतं आणि दुकानावर पत्रे. पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मोठाले दगड ठेवलेले असत, आणि त्या दगडांच्या आडोशाला चिमण्या घरटी करत. दुकानात गूळ, कडू तेल, रॉकेल आणि खारका यांचा मिळून एक वास होता. तो माझ्या परकराला, केसांना, शाळेच्या पुस्तकांनाही यायचा. शाळेतल्या मुली त्यावरून चिडवायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण तोच वास अव्वाच्या पदरालाही होता.

अव्वा म्हणजे माझी आई. कर्नाटकाची हद्द जवळ असल्यामुळं आमच्या लिंगायत घरांतून आईला अव्वा म्हणायची पद्धत होती. वाऱ्याच्या आधी एका पावसाळ्यात ती तापानं गेली. अव्वा फार बोलकी. ती चुलीशी बोलायची, मांजराशी बोलायची, निवडताना डाळीतल्या खड्यांनाही चार शब्द सुनवायची. आप्पा जात्याच मुके म्हणावेत असे. त्यांच्या संसारातलं सगळं बोलणं अव्वाच्या वाट्याला आलेलं होतं, आणि ती जाताना ते बरोबर घेऊन गेली. मागं राहिले तराजूचे, डब्यांच्या झाकणांचे आणि हापशाचे आवाज. नातेवाईक येऊन दुसऱ्या लग्नाचं सुचवून जात. आप्पा ऐकून घेत आणि गूळ फोडत राहत. शेवटी सुचवणारेच कंटाळले.

आमच्यात देव देवळात असतो त्यापेक्षा गळ्यात जास्त असतो, हे बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. काळं, गुळगुळीत, बोराएवढं. ते चांदीच्या लहान डबीत असतं आणि डबी दोऱ्यात ओवलेली असते. त्याला शिवदोरा म्हणतात. रोज अंघोळीनंतर लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मग तोंडात पाणी घालायचं. माणूस गेला की त्याला बसलेल्या स्थितीत मातीत ठेवतात, आणि तेव्हाही डाव्या तळहातावर तेच लिंग असतं. म्हणजे जन्मापासून मातीपर्यंतचा सोबती. अव्वाच्या डबीची एक गोष्ट होती. मला दात येत होते तेव्हा दूध पिताना मी तिच्या गळ्यातली डबी तोंडात धरून चावायची, म्हणून झाकणाच्या कडेला बारीक वण पडले होते. घरी कुणीही आलं की अव्वा ती गोष्ट सांगायची आणि माझं बोट धरून त्या वणांवरून फिरवायची. "देवाला चावली ही. बेरकी हाय लेक माझी," म्हणायची. हे ऐकून ऐकून मी लाजायचंही सोडून दिलं होतं.

अव्वा होती तेव्हा आप्पांची पूजा दूध उतू जायच्या आत उरकायची. ती गेल्यावर पूजा लांबत गेली. सकाळी घोंगडीच्या घडीवर बसत, कपाळाला विभूती लावत, डबी उघडून लिंग तळहातावर घेत आणि बघत बसत. हालचाल नाही, ओठांवर मंत्र नाही. मी करून ठेवलेली भाकरी वाळून पापड होई, येसराच्या, म्हणजे भाजल्या डाळी-मसाल्याच्या पुडीच्या, आमटीवर साय धरे. गावात लोक म्हणू लागले की आप्पांचं मन संसारातून उठलं, आता ते पक्के शिवभक्त झाले. मन्मथप्पा म्हणून भावकीतले एक वडीलधारे होते, ते तर आपल्या मुलांना आप्पांचं उदाहरण द्यायचे. मला मात्र त्या काळ्या खड्याचा हेवा वाटायचा. माझ्याकडं ते इतका वेळ कधी बघत नसत. मी नवा परकर नेसले, वेणी वर बांधली, पायात काटा मोडून लंगडत आले, तरी त्यांची नजर तराजूच्या काट्यावर असायची. चौदा-पंधराव्या वर्षी माणसाला कुणीतरी बघावं असं फार वाटतं. घरात असून कुणाच्या नजरेत नसणं म्हणजे काय ते मी तेव्हा शिकले, आणि ते अजून विसरले नाही.

त्यांच्या गळ्यातला दोरा तेव्हाच काळपट आणि विरलेला होता. दुकानात पांढऱ्या दोऱ्याच्या लडी खुंटीला टांगलेल्या असायच्या. दसऱ्याला, शिवरात्रीला लोक येऊन नवा दोरा घेऊन जायचे. मी एकदा म्हणाले, आप्पा, दोरा बदला की. ते म्हणाले, बदलू. पुन्हा एकदा म्हणाले, तेव्हाही बदलू म्हणाले. मी लड काढून त्यांच्या घोंगडीजवळ ठेवली, ती दुसऱ्या दिवशी परत खुंटीला होती. ज्याच्या घरात विहीर त्यानंच तहानलेलं असावं, तसला प्रकार. मीही मग नाद सोडला.

त्या साली पाऊस आलाच नाही म्हणायचा. विहिरींचे तळ दिसत होते. बायका हापसा मारत राहायच्या आणि तो नुसता खोकायचा. गुरं लोकांनी नातेवाइकांकडं नाहीतर बाजारात धाडली होती, त्यामुळं ताक हा शब्दच घरातून गेला. भाकरी, येसर आणि शेंगदाण्याची चटणी, हेच सकाळी आणि हेच संध्याकाळी. गावातली निम्मी माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर जायची. त्याच सुमारास आमचा जिल्हा बदलला. उस्मानाबाद जाऊन लातूर आलं. दुकानापुढच्या कट्ट्यावर त्याचीच चर्चा. आता कलेक्टर जवळ आला, आता कचेरीला दोन मोटारी बदलायला नकोत, आता अमुक होईल, तमुक होईल. एक म्हातारा रोज ऐकून घ्यायचा आणि शेवटी एकच म्हणायचा, "जिल्हा आणलाव, लई झाक केलाव. आता पाऊस कोण्या जिल्ह्यात गेलाय त्येवढं हुडका."

माझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, शेजारची चांदबी. ती बांगड्या भरायची. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. आमची आणि तिची मधली भिंत एक. अव्वा आणि ती भिंतीच्या अल्याड-पल्याड बसून कामं करत आणि एकमेकींना न बघता दिवसभर बोलत. त्यांची भांडणंही भिंतीवरूनच व्हायची. अव्वा गेल्यावर चांदबी दुपारच्या वेळी भिंतीपलीकडून हाक मारायची, "नंदे, जेवलीस का गं?" मी हाव, म्हणजे हो, म्हणायची. नसले जेवलेली तरी हावच म्हणायची. पण सबंध दिवसात मला कुणी विचारलेला तो एकच प्रश्न असायचा, म्हणून मी दुपारची वाट बघत असे.

वारा आला तेव्हा दुपारच होती. वैशाखातलं ऊन, शाळेला सुट्टी, रस्त्यावर कुत्रं नाही. आधी पश्चिमेला आभाळ मातकट झालं. पावसाचे ढग म्हणून काही जण हरखून ओट्यावर आले. मग ते मातकट आभाळ एका जागी खाली लोंबलं, आणि ओढ्याकडून एक धुळीचा खांब गावाकडं चालत येताना दिसला. रोजच्या वावटळी आम्हाला नवीन नव्हत्या. पाचोळा गोळा करतात, पोरं त्यांच्यामागं धावतात, म्हातारे थुंकतात, संपलं. हा खांब गिरणीएवढा जाड होता आणि त्याच्यातून गिरणीसारखाच आवाज येत होता. चांदबीनं गारा-वाऱ्याच्या वेळी टाकतात तशी कुऱ्हाड अंगणात टाकली. वाऱ्यानं तिची काही भीड ठेवली नाही. मला आप्पांनी दंडाला धरून मागच्या खोलीत ढकललं आणि ते स्वतः शिडी लावून दुकानाच्या पत्र्याकडं गेले. पत्रा धरायला. माणूस उडणारा पत्रा हातानं धरू शकत नाही हे आपल्याला बसल्या जागी कळतं. तेव्हा प्रत्येक घरातला बाप-भाऊ पत्र्याला लोंबकळलेला होता.

मी दाराच्या फटीतून बघत होते. दगड पत्र्यावरून चिंचोक्यांसारखे घरंगळले. मग पत्रे कागदासारखे वर गेले, आप्पा शिडीवरून ओट्यावर आले, त्यांचा सदरा गळ्यापासून फाटून एका बाहीवर फडफडत होता. त्यानंतर काहीच दिसलं नाही, नुसती माती. कानांना दडे बसले. मधली भिंत आमच्या बाजूला न पडता चांदबीच्या अंगणात पडली म्हणून मी आज हे लिहिते आहे. सगळं किती वेळ चाललं सांगता येणार नाही. चहाला उकळी येईल एवढाच असावा. आवाज थांबल्यावर मी बाहेर आले तर गल्लीतली सगळी माणसं रडत होती. मलाही वाटलं, कुणीतरी गेलं. पण माझेही डोळे झोंबायला लागले तेव्हा समजलं, आमच्या दुकानातलं मिरचीपुडीचं पोतं फुटून सगळ्या गावावर उधळलं होतं. माणूस कुणी गेलं नव्हतं. शेळ्या गेल्या, एकाचा पाय भिंतीखाली सापडला, देवळापुढची मोठी चिंच मुळासकट आडवी झाली. शाळेचं छप्पर एका कडुलिंबावर वाळत घातल्यासारखं होतं. गावभर आमची हळकुंडं पसरली होती.

आप्पा ओट्यावर उभे होते. कोपराला खरचटलं होतं. मी हाक मारली तरी त्यांनी वळून बघितलं नाही. त्यांचा उजवा हात छातीवर काहीतरी चाचपत होता. मानेपासून बेंबीपर्यंत, पुन्हा मानेपर्यंत. मग माझ्या ध्यानात आलं की गळा मोकळा आहे.

गाव पत्रे शोधायला बाहेर पडलं आणि आप्पा दोरा शोधायला. माती उकरली, पोती उलटी केली, गटार हातानं चाळलं. दिवस मावळला तेव्हा ते बिनछपराच्या दुकानात गुळाच्या ढेपेला टेकून बसले. मी पाणी नेलं. त्यांनी तांब्या बाजूला सारला. लिंगावाचून पाणी कसं घ्यायचं, हे सांगायची गरज नव्हती. मी त्याच घरातली होते. भावकीतली माणसं जमली. कुणी म्हणालं, उद्या उजाडल्यावर बघू. कुणी म्हणालं, मठातल्या स्वामींना सांगावा धाडा, ते दुसरं देतील, त्यात काय एवढं. मन्मथप्पा खाकरले आणि म्हणाले, "जुन्या काळी लिंग गेलं म्हंजे माणूस बी ऱ्हाईत नव्हता. प्राण सोडायचे लोक." त्यांना वाईट हेतू नव्हता. जुन्या माणसांना जुना काळ आठवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि ऐकणाऱ्यांत कोण आहे हे ते बघत नाहीत. मी चुलीपाशी बसून ते ऐकलं. आप्पांनीही ऐकलं, आणि मला त्यांच्या तोंडावर भीती दिसायला हवी होती ती दिसली नाही. तिथं एक प्रकारचा निवांतपणा होता. त्या निवांतपणाचं मला जे भय वाटलं, ते वाऱ्याचं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत स्वामी सायकलवरून आले. मठ दोन गावं सोडून होता आणि रस्त्यात झाडं आडवी, तरी आले. वयस्क, ठेंगणे, सायकलची घंटी वाजवत बोलायची सवय असलेले. त्यांनी धुतल्या फडक्यात नवं लिंग आणलं होतं. आप्पांच्या पुढ्यात बसून त्यांनी शांतपणे सांगितलं की हरवतं ते लिंग, शिव कुठं जात नाही. गुरूला पुन्हा द्यायचा अधिकार आहे, संकोच करू नका. आप्पांनी हात जोडले आणि म्हणाले, "नगं."

स्वामींनी पुन्हा समजावलं. भावकीनं समजावलं. आप्पा पुन्हा "नगं" म्हणाले आणि मग तेही म्हणायचे थांबले. कारण कुणाला कळेना. ज्या माणसाला गावानं एवढा भक्त ठरवला तो गुरूच्या हातचं लिंग नाकारतो, हा काय प्रकार? काही जण रागावले, काही जण म्हणाले वाऱ्यानं डोकं फिरलं. प्रत्येकाच्या घराचंही छप्पर उडालेलं होतं. ती माणसं तरी किती वेळ बसणार. एकेक करून उठून गेली. स्वामी म्हणाले, मी देवळात थांबतो, मन झालं तर बोलवा.

मग आम्ही दोघंच उरलो, रोजच्यासारखे. वर छप्पर नाही, ऊन सरळ अंगावर. मी दोन बांबूंना पोतं बांधून त्यांच्या डोक्यावर सावली केली. भाकरी केली. ती वाळली. स्वतः खायला मला कुणाची आडकाठी नव्हती, माझी डबी माझ्या गळ्यात होती. पण समोर बाप उपाशी बसलेला असताना घास उतरत नाही. त्यांचे ओठ फुटले होते. अशा उन्हात बिनपाण्याचा माणूस किती टिकतो, याचा विचार करायचा नाही असं मी ठरवत होते आणि तोच करत होते. आप्पा गेले तर मी कुणाच्या घरी जाईन, कोणत्या मावशीच्या ओसरीवर झोपेन, इथपर्यंत माझं मन जाऊन पोचलं होतं. मला त्यांचा राग येत होता. मी समोर हिंडते-फिरते आहे आणि ह्या माणसाला जगायला एवढं कारण पुरत नाही.

दुपारी चांदबीनं हाक मारली. भिंत आता नव्हती, ती मला चुलीपासून सरळ दिसत होती, तरी तिनं सवयीनं तोंडाला हात लावून हाक मारली. जवळ गेले तर तिनं पदराची ओंजळ पुढं केली. ती ओढ्याकडं बांगड्यांची पेटी शोधायला गेली होती. बाभळीच्या काटेरी कुपाटीत काहीतरी चमकलं. "हात न्हाई लावला माय मी. पदरानंच उचलली," ती म्हणाली. "पर आत काई न्हाई गं. उघडीच होती." पदरात चांदीची डबी होती, चेपलेली, झाकण एका बिजागरीवर लोंबत असलेलं. दोऱ्याचा एक काळा तुकडा तिला अजून अडकला होता. मग तिनं कनवटीच्या मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. आमच्यात तिच्या घरचं शिजवलेलं चालत नसे आणि हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. "कच्च्या हायती. खाय."

मी शेंगा परकराच्या ओच्यात टाकल्या आणि डबी झाकण लावून बघितली. लागेना. कडेला काही वाकलंय का म्हणून बोट फिरवलं, आणि बोट थांबलं. त्या कडेला बारीक वण होते. कुणी धरून फिरवलं नाही तरी माझ्या बोटाला ती जागा पाठ होती. ते माझे दात होते.

अव्वाची डबी अव्वाबरोबर मातीत गेली होती. तिला नेली त्या दिवशी ती तिच्या गळ्यात मी डोळ्यांनी बघितली होती, निदान मला तसं वाटत होतं. डबी डबीसारखी असते, दोरा दोऱ्यासारखा. मी आप्पांपुढं जाऊन बसले आणि ती त्यांच्या गुडघ्यापाशी ठेवली. "ही अव्वाची हाय," मी म्हणाले.

आप्पांनी डबी उचलून मुठीत धरली. मग जे बोलले ते तुटक, मध्ये मध्ये थांबत, आणि माझ्याकडं न बघता. अव्वाला अंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवलं होतं. गळ्यातला दोरा नीट करा, असं कुणीतरी त्यांना म्हणालं. बाकीचे फुलं आणि विभूती बघायला वळले. तेवढ्यात त्यांनी आपल्या गळ्यातलं काढून तिच्या गळ्यात घातलं आणि तिचं आपल्या. "तिला एकलीला धाडू वाटंना मला," आप्पा म्हणाले. "माझं तिच्यासंगं गेलं. तिचं माझ्यापाशी ऱ्हायलं. कुनाला सांगण्यासारखं न्हवतं ते." दोरा का बदलला नाही, हे मी विचारलं नाही, तरी त्यांनी तेही सांगितलं. त्या दोऱ्याची गाठ अव्वाच्या हातची होती. ती सोडायला हात धजत नव्हता. म्हणून तो विरला, आणि म्हणूनच वाऱ्याच्या पहिल्या हिसक्याला तुटला. जे जपलं त्यानंच घालवलं. "आता दुसरं घिऊन काय करू? त्याच्यात ती न्हाई," ते म्हणाले.

इतके दिवस ते सकाळी तळहातावर काय बघत बसायचे ते मला तेव्हा समजलं. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली, पण नंतर. आधी आला तो राग, आणि त्याच्या पाठोपाठ रडू. घरात आम्ही दोघं एकाच माणसाला आठवत होतो आणि ह्यांनी ते सगळं एकट्यानंच घेऊन ठेवलं होतं. मला त्यातला चतकोरसुद्धा दिला नव्हता. मी म्हणाले, "तुमचं तिच्यापाशी हाय की आप्पा. ती एकली न्हाई. एकली मी हाय."

एवढंच म्हणाले. हातातला ओचा सुटला. ओच्यातल्या शेंगा जमिनीवर सांडल्या. आप्पांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. सरळ, डोळ्यांकडं. किती दिवसांनी ते मला सांगता येणार नाही, पण मला, पोटच्या पोरीला, अगदी ओशाळल्यासारखं झालं, एवढं त्यांनी बघितलं. मग ते एकेक शेंग गोळा करायला लागले. सगळ्या गोळा करून माझ्या ओच्यात घातल्या आणि म्हणाले, "स्वामींना बलिव."

स्वामींपुढं त्यांनी सगळं सांगून टाकलं. मी भीतभीत ऐकत होते. अशा अदलाबदलीला शास्त्रात काय शिक्षा आहे कोण जाणे. स्वामी ऐकत राहिले. त्यांची बोटं घंटी वाजवल्यासारखी गुडघ्यावर हलत होती. शेवटी म्हणाले, "झालं ते झालं. ह्यात कुनाचं काय वाईट झालं न्हाई. आता दोरा आना." दोऱ्याच्या लडी वाऱ्यानं कुठल्या कुठं नेल्या होत्या. एक तराजूच्या दांडीला गुरफटलेली सापडली, माती-मिरचीनं माखलेली. ती मी धुतली, पिळली, झटकली. पूजा झाली. स्वामी गाठ मारायला पुढं झाले तेव्हा आप्पांनी त्यांना हातानं थांबवलं आणि मला म्हणाले, "गाठ तू मार."

मी मारली. एकावर एक, दोन्ही बाजूंनी ओढून. मग त्यांनी पाणी घेतलं, घोट घोट, तोंड वाकडं करत, कारण ओठ झोंबत होते. मी वाळकी भाकरी पाण्यात बुडवून चटणीबरोबर पुढं ठेवली. त्यांनी तुकडा मोडला, तोंडाशी नेला आणि तिथंच थांबून विचारलं, "तू जेवलीस का?"

भिंतीपलीकडून रोज येणारा प्रश्न आमच्या बाजूनं तेव्हा पहिल्यांदा आला. आणि मी पहिल्यांदाच खरं ते सांगितलं, "न्हाई."

पुढं साहेब लोक आले, पंचनामे झाले. जुन्या जिल्ह्याचे कागद नव्या जिल्ह्यात पोचले नव्हते, त्यामुळं आम्ही वारा आला तेव्हा नक्की कुठल्या जिल्ह्यात होतो यावर ओट्यावर पुष्कळ हसू झालं. पत्रे परत आले, त्यांच्यावर दगड आले, चिमण्याही आल्या. मधली भिंत आप्पांनी स्वतः बांधली, पण अर्धीच. माती संपली म्हणाले. आप्पा बोलके झाले असं मात्र नाही. तसं लिहिलं तर खोटं होईल. घर मुकंच राहिलं, मी त्यात एकटीच वाढले, अव्वाचा विषय आमच्यात पुन्हा फारसा निघाला नाही. एक गोष्ट तेवढी नवीन झाली. रोज दिवेलागणीच्या आधी मी ओट्यावर बसले की आप्पा मागून यायचे, माझ्या मानेवरची वेणी बाजूला करायचे आणि शिवदोऱ्याची गाठ दोन बोटांनी ओढून बघायचे. घट्ट आहे ना एवढं बघून आत जायचे. माझ्या लग्नाच्या सकाळीसुद्धा, मांडवात माणसं असताना, त्यांनी ते केलं. सासरी पहिले कित्येक दिवस संध्याकाळ झाली की माझी मान आपोआप थोडी पुढं झुकायची आणि मग आठवायचं, की इथं कुणी येणार नाही.

आप्पा पिकून गेले. मी मारलेली गाठ मधल्या काळात किती वेळा बदलली. दर वेळी मीच माहेरी जाऊन मारायची, शेवटचीही माझीच होती. त्यांना अव्वाच्या शेजारी बसवलं. तिच्या हातात त्यांचं लिंग, त्यांच्या हातात नवं. अव्वाचं मात्र ओढ्याच्या काठानं कुठंतरी मातीत असेल. चेपलेली डबी माझ्याकडं आहे. कधीतरी काढून कडेवरून बोट फिरवते.

आता लातुरात तिसऱ्या मजल्यावर राहते. साठीला टेकले, हे नाहीत, मुलगा पुण्यात असतो आणि आठवड्याला फोन करतो. वैशाखात कधी दुपारचं आभाळ मातकट होतं, खालच्या दुकानांचे पत्रे थडथडायला लागतात. मी उठून खिडक्या लावते. मग मानेमागं हात नेऊन गाठ ओढून बघते. घट्ट असते, मीच मारलेली असते. तरी दुसऱ्या कुणीतरी एकदा ओढून बघावी असं फार वाटतं.